चौदा ऑक्टोबरला जन्म घेताना

जन्म कधी घ्यायचा हे आपल्या हातात नसतं, असं म्हणणाऱ्यांवर नोकरी जायची वेळ आलेली नसते! माझ्यावर आली, आणि मी सरळ दुसऱ्या तारखेला जन्म घेऊन मोकळा झालो. तोही कुठे, तर कॅनडात, ओटावाच्या कनाटा उपनगरातल्या आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये, वयाच्या पंचेचाळिशीनंतर!

मी प्रेमानंद. मूळचा नागपूरचा, इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टर. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं काम. स्वतःच्या चुका शोधायचा मला पगार मिळत नाही, त्यामुळे तिकडे मी फारसं लक्ष देत नाही.

तर यंदा सप्टेंबरपासून आमच्या मजल्यावर सुतक पडल्यासारखं झालं होतं. दर शुक्रवारी कोणीतरी पुठ्ठ्याचं खोकं उचलून घरी जायचं. जाणाऱ्यांची कुंडीतली झाडं आम्ही मागे राहिलेले वाटून घ्यायचो. माझ्या टेबलावर चार जमली होती. त्यांना पाणी घालताना रोज मनात यायचं, आता ही सगळी कोण नेणार? बाहेर सतत रिपरिप, सगळीकडे सडकी पानं, आणि संध्याकाळी घरी निघेपर्यंत काळोख. आमच्या टीममध्ये टेस्टर दोन होते, मी आणि पुण्याचा नंदन. त्यातला एकच राहणार, हे कोणी सांगितलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

"काही झालं तरी नोकरी टिकवा," माझी बायको बेबी म्हणाली. "दीप्तीचं युनिव्हर्सिटीचं दुसरंच वर्ष आहे."

"मी काय सोडून चाललोय का?"

"तुम्ही नाही हो. पण मॅनेजरच्या नजरेत भरेल असं काहीतरी करा! तुम्ही ऑफिसात आहात हे तरी त्या माणसाला माहीत आहे का?"

प्रश्न योग्य होता. आमचा मॅनेजर मार्सेल. मूळचा माँट्रियलजवळच्या लव्हालचा, फ्रेंच, दाढीवाला, मनाने चांगला, पण बेसबॉलने पार झपाटलेला! जगात कुठल्याही तारखेला बेसबॉलमध्ये काय घडलं, हे त्याला तोंडपाठ. ऑफिसात कोणाचाही वाढदिवस असला की मार्सेल केक आणायचा, आणि केक कापण्याआधी त्या तारखेचा बेसबॉलचा इतिहास उभ्याउभ्या सांगायचा. कोणाच्या तारखेला विश्वविक्रम निघायचा, कोणाच्या तारखेला मोठा विजय. ज्याची तारीख भारी, तो माणूस वर्षभर मार्सेलचा लाडका! हसू नका, आमच्याकडे एका साध्या पोराला केवळ तेवीस ऑक्टोबरला जन्मल्याबद्दल खिडकीजवळची जागा मिळालेली आहे. त्या तारखेला टोरोंटोने वर्ल्ड सिरीज जिंकली होती म्हणे.

आणि माझी तारीख काय? एक जून!

एक जून म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. शाळेत नाव घालायला बापाने पोराला नेलं, गुरुजींनी पोराकडे वरून खालपर्यंत पाहिलं, आणि वर्ष अंदाजाने, तारीख एक जून असं ठोकून दिलं! शाळा जूनमध्ये सुरू होते, हिशेब सोपा. आमच्या वर्गातली निम्मी मुलं एकाच दिवशी जन्मली होती. ऑफिसातही तेच. मी एक जून, नंदन एक जून, आणि डेटाबेसवाले भाऊसाहेब, तेही एक जून.

मार्सेल या प्रकाराने थक्क झाला होता. बारा जणांच्या टीममध्ये तिघांचा एकच वाढदिवस! एकदा त्याने पांढऱ्या फळ्यावर त्याची शक्यता मांडून पाहिली होती, आणि शेवटी नुसती मान हलवून खडू... म्हणजे मार्कर खाली ठेवला होता. आम्ही तिघंही गप्प राहिलो. एवढा मोठा चमत्कार आपल्या हाताने कोण मोडणार?

पण एक जूनचा बेसबॉलचा इतिहास फार वाईट निघाला. १९२५ साली त्या दिवशी लू गेरिग नावाचा खेळाडू मैदानात उतरला, आणि तिथून पुढे दोन हजारांवर सामने एकही दिवस सुट्टी न घेता खेळला. इथपर्यंत ठीक. मग त्याला असाध्य आजार झाला. मग हातपाय चालेनासे झाले. मग तो गेला, तोही दोन जूनला! हे सगळं मार्सेल दरवर्षी भरल्या डोळ्यांनी सांगायचा, आणि मग म्हणायचा, "हॅपी बर्थडे, माय फ्रेंड्स!" केकला कोणी हात लावायचं नाही. आम्ही तिघं मयताला आल्यासारखे हात बांधून उभे राहायचो.

अशा माणसाच्या नजरेत मी भरणार कसा? सुट्टी न घेता राबून शेवटी मरायचं, एवढीच माझ्या तारखेची कामगिरी!

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी बेबी फोनवर आमच्या असोसिएशनच्या बायकांशी बोलत होती. धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम, हॉलचं बुकिंग, खीर कोण करणार वगैरे. फोन ठेवून ती म्हणाली, "चौदा ऑक्टोबरला तुमचाही खरा वाढदिवस ना हो? आई नेहमी सांगतात, तू धम्मचक्राच्या दिवशी झालास म्हणून."

माझ्या डोक्यात दिवा पेटला! आई तसं सांगायची खरी. मी लगेच इंटरनेटवर चौदा ऑक्टोबर पाहिला, आणि खुर्चीतून उठून उभा राहिलो. १९५६ तर आपल्याला ठाऊकच आहे. पण २०१५! टोरोंटोत अटीतटीचा सामना, सातवी इनिंग, टोरोंटोच्या पठ्ठ्याने चेंडू पार प्रेक्षकांत भिरकावला, आणि धावायच्या आधी ऐटीत बॅट हवेत उडवून दिली! त्या बॅट उडवण्याचा फोटो मार्सेलच्या केबिनमध्ये फ्रेम करून लावलेला आहे. त्याच्या बायकोचा नाही, हा आहे.

"मार्सेलला सांगतोच!" मी म्हणालो.

"डॅड, प्लीज डोन्ट," दीप्ती फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली. "धिस इज सो क्रिंज."

पोरींना काय कळतं ऑफिसचं राजकारण! सोमवारी सकाळी मी लिफ्टमध्ये मार्सेलला गाठलं, आणि अगदी सहज बोलल्यासारखं म्हणालो, "मार्सेल, गंमत सांगू? माझा खरा वाढदिवस चौदा ऑक्टोबर आहे."

मार्सेलने दार बंद होऊ नये म्हणून पाय मधे घातला. "चौदा? ऑक्टोबर? बॅट फ्लिपचा दिवस?"

"असेल बुवा," मी म्हणालो.

"मों दिय!" त्याने मला मिठीच मारली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! मग दूर होऊन म्हणाला, "पण मग एक जून?"

इथे मी थांबायला हवं होतं. पण मिठीची ऊब अजून अंगात होती, म्हणून मी त्याला सगळं सांगितलं. गुरुजी, शाळा, जून, सगळं.

"म्हणजे भाऊसाहेबसुद्धा?"

"सुद्धा."

"आणि नंदन?"

"अरे, सगळे!" मी मोठ्या मनाने म्हणालो. "आमच्याकडे एक जूनला प्रत्यक्ष कोणी जन्मतच नाही!"

मार्सेल पोट धरून हसला. फळ्यावरचं गणित अखेर सुटलं होतं. एवढी मजेदार गोष्ट त्याने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना सांगितली. त्या सगळ्यांत एचआरची हेदर होती, आणि ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्हा तिघांना तिचं बोलावणं आलं.

"प्रेमानंद, तुमची खरी जन्मतारीख कोणती?" हेदरने विचारलं.

"कायदेशीर की खरी?"

"यात फरक असतो?"

"आमच्या पिढीत असतो."

हेदरने पेन खाली ठेवलं. पासपोर्ट, सिटिझनशिप, पेन्शन, सगळ्यावर एक जून, आणि माणूस म्हणतोय की तो तेव्हा जन्मलाच नाही! कंपनीची बरीचशी कामं सरकारी, तिथे अशा गोष्टींची चौकशी होते, असं ती शांतपणे म्हणाली. तिघांच्याही फायली तपासाला उघडल्या गेल्या. खरी तारीख माहीत असणाऱ्या कोणा वडीलधाऱ्या माणसाचं म्हणणं आणा, असं तिने सांगितलं.

बाहेर येताच भाऊसाहेबांनी मला जिन्यात गाठलं. "अरे प्रेमानंदा, काय केलंस हे! गुरुजींनी मला तीन वर्षांनी लहान दाखवलंय. लग्न त्या तारखेवर जमलंय माझं! आता हिला काय सांगू?"

पण नंदनचं दुःख वेगळंच होतं. त्याचा गोरापान चेहरा लालबुंद झाला होता.

"अहो प्रेमानंद, मी खरंच एक जूनला जन्मलोय!"

"हो हो," मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मीही इतकी वर्षं असंच सांगत होतो."

"अहो, खरंच! नर्सिंग होममध्ये! सकाळी सहा वाजून अकरा मिनिटांनी!"

"नंदन," भाऊसाहेब समजुतीने म्हणाले, "आता आपल्याआपल्यात कशाला?"

बिचारा रडकुंडीला आला. त्याने पुण्याला वडिलांना फोन लावला. ऐंशी वर्षांचे वडील भयंकर पेटले. मुलाच्या जन्मावर शंका म्हणजे काय! त्यांनी दोन दिवसांत नर्सिंग होमचा दाखला, बारशाचे फोटो, डॉक्टरीणबाईंचं पत्र आणि शिवाय नंदनची जन्मपत्रिका, सगळं स्कॅन करून पाठवलं. पत्रिकेतली चौकट पाहून हेदरने विचारलं, हा कुठल्या घराचा नकाशा आहे? आमच्यात पत्रिका वगैरे भानगड नाही, त्यामुळे माझ्याकडे पुरावा म्हणजे एकटी आई. तिला या भानगडीत पाडायचं माझ्या जिवावर आलं, आणि मी आज करू, उद्या करू असं म्हणत राहिलो.

चौदा तारीख उजाडली ती पावसातच. मार्सेलने मीटिंग रूममध्ये निळ्या क्रीमचा केक आणला होता. सगळे जमले होते, पण आनंद कोणाच्याच तोंडावर नव्हता. आदल्या शुक्रवारी आणखी दोघं गेले होते, आणि पुढचा शुक्रवार परवावर आलेला. नंदन कोपऱ्यात उभा राहून माझ्याकडे रोखून बघत होता. हेदर पांढराशुभ्र कोट घालून दाराशी उभी होती. तिला बहुधा बघायचं होतं की मी खरोखर वाढदिवस असल्यासारखा वागतो का!

मार्सेलने मोठ्या टीव्हीवर त्या सामन्याचा व्हिडिओ लावला. मग कपाटातून एक जुनी लाकडी बॅट काढली आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. "माझ्या वडिलांची आहे. आज तू उडवायचीस!"

"मी?"

"तुझा दिवस आहे, मों अमी!"

नाही म्हणायची सोय नव्हती. मी बॅट हातात घेतली. फार जड! बेसबॉल मी आयुष्यात खेळलेलो नाही, पण नागपुरात गल्ली क्रिकेट भरपूर झालेलं आहे. आणि आपल्याला हाणायची सवय खालून वर, छपरावरून पलीकडे! व्हिडिओत चेंडू उडाला, सगळे ओरडले, "फ्लिप इट!" आणि मी मनगटाला असा काही झटका दिला की बॅट सरळ वर गेली.

छत खाली होतं. छताला आग विझवायचा स्प्रिंकलर होता. बॅट नेमकी त्यालाच लागली!

आधी नुसतं टिक् झालं. मग छतातून पाण्याचा लोट आला! आणि साधं पाणी नव्हे हो, वर्षानुवर्षं पाइपात कुजलेलं, काळंकुट्ट, गटारासारखं घाण वास येणारं पाणी! निळा केक बघता बघता काळा झाला. हेदरचा कोट काळा झाला. मार्सेल दाढीसकट काळा झाला. टीव्ही फट्‌कन बंद पडला. अलार्म बोंबलायला लागला, आणि शेजारच्या लॅबमधून कोणीतरी किंचाळलं, "सर्व्हर! सर्व्हर!"

"ताबारनाक!" मार्सेल ओरडला. या शब्दाचा अर्थ मी इथे लिहू शकत नाही.

पाच मिनिटांत अख्खी इमारत पार्किंगमध्ये, पावसात, जाकिटांशिवाय कुडकुडत उभी. फायर ब्रिगेडच्या गाड्या आल्या. माझ्या आजूबाजूला मात्र आपोआप मोकळी जागा झाली होती. मी मनातल्या मनात दीप्तीची फी, घराचे हप्ते आणि माझी चार झाडं, सगळ्यांचा निरोप घेऊन टाकला.

तेवढ्यात खिशात फोन वाजला. नागपूरहून आईचा व्हिडिओ कॉल!

"जय भीम रे बाप्पा! अरे, तुह्यं तोंड असं काळं काऊन दिसते?"

"काही नाही आई. ऑफिसात वाढदिवस केला."

"कोनाचा?"

"माझाच. आज चौदा ऑक्टोबर ना! धम्मचक्र दिन!"

"हाव, पन तू कुठं चौदाले झाला?" आई म्हणाली. "तू दसऱ्याचा! आम्ही धम्मचक्र दसऱ्यालेच करतो नं दीक्षाभूमीवर. तवा नर्सबाई म्हने, आज एकोनीस तारीख हाये, ध्यानात ठेवजा. म्या ठेवली. मले कोनी इचारलंच नाही!"

फोन स्पीकरवर होता. भाऊसाहेब आणि नंदन सोडले तर मराठी कोणाला कळण्याचं कारण नव्हतं, पण माझं तोंड सगळ्यांना दिसत होतं. मार्सेल जवळ आला. त्याने ती बॅट तान्ह्या बाळासारखी कोटात गुंडाळून धरली होती.

"मामां काय म्हणते?"

मी खरं तर काहीही ठोकून देऊ शकलो असतो. पण थंडीने डोकं बधिर झालं होतं. "ती म्हणते, मी चौदाचा नाही. एकोणीस ऑक्टोबरचा आहे."

मार्सेलचा चेहरा उतरला. एवढं काळं पाणी अंगावर पडलं तेव्हाही तो असा दिसला नव्हता.

"एकोणीस," तो हळूच म्हणाला. "१९८१. माँट्रियल. आमची टीम वर्ल्ड सिरीजपासून एका सामन्यावर होती, प्रेमानंद. नववी इनिंग, दोन आउट. आणि त्यांच्या माणसाने चेंडू बाहेर मारला. संपलं! आमची टीम पुन्हा कधी तिथवर पोचली नाही. पुढे तर शहरच सोडून गेली."

"आय अ‍ॅम सॉरी," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार!

"मी नऊ वर्षांचा होतो. पापा मला घेऊन गेले होते. लव्हालपर्यंत गाडी चालवताना ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर ही बॅट बेसमेंटमध्ये ठेवून दिली, आणि जाईपर्यंत पुन्हा कधी हातात घेतली नाही." त्याने नाक पुसलं. दाढीवरचा काळा ओघळ पसरला. "प्रेमानंद, एक फेवर कर. प्लीज. तू चौदालाच राहा."

मला एकदम भरून आलं. इतकी वर्षं या माणसाच्या हाताखाली काम केलं, पण त्याला बाप होता हे आज कळलं. आणि त्याच वेळी हेही कळलं की माझी नोकरी संपली! ऑफिस बुडवलं, बॉसच्या बापाची बॅट भिजवली, आणि वर त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत वाईट दिवशी जन्मलो. एका माणसाने आणखी काय करायचं?

शुक्रवारी सकाळी मी घरूनच रिकामं खोकं घेऊन गेलो. बेबीने डबा दिला नाही. "दुपारी घरीच असाल ना," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं. दहा वाजता हेदरने बोलावलं. मी खाली मान घालून बसलो.

"तुमच्या आईशी दुभाष्यामार्फत आमचं बोलणं झालं," हेदर म्हणाली. "म्हणजे आता तुमच्या तीन तारखा आहेत."

"हो."

"वकील म्हणतात, तपास पूर्ण होईपर्यंत तुमच्या फाइलला हात लावता येणार नाही. भाऊसाहेबांच्याही. तुम्हाला कामावरून काढायचं, तर आधी तुम्ही कोण आहात हे ठरायला हवं. त्याला वर्ष लागेल, कदाचित जास्त."

मला काही समजेना. "म्हणजे मी राहतोय?"

"सध्या."

"आणि नंदन?"

हेदरने खिडकीबाहेर पाहिलं. "नंदनचे कागद अगदी स्वच्छ निघाले. त्याची एकट्याची फाइल बंद झाली."

मी बाहेर आलो तेव्हा नंदन त्याचं टेबल आवरत होता. त्याच्याकडे खोकं नव्हतं. आणणार तरी कशाला, इतका भक्कम पुरावा दिल्यावर! मी माझं त्याला दिलं. भरतानाही मदत केली. पावसातून मी खोकं त्याच्या गाडीपर्यंत नेलं. मागच्या सीटवर त्याच्या धाकट्याची कार सीट होती, ती सरकवून जागा केली.

"नंदन, मी खरंच..." मी मागचं दार लावलं.

"असू द्या हो," तो म्हणाला. एवढा शांत की मला त्याने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. गाडीत बसून त्याने काच खाली केली. "फक्त एक करा. येत्या एक जूनला आठवणीने फोन करा. माझा खरंच त्या दिवशी वाढदिवस असतो."

"नक्की करेन!" मी म्हणालो, आणि गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत पावसात उभा राहिलो.

फोन मी करणार आहे. पण तुम्हाला म्हणून सांगतो, कोणाला बोलू नका. एक जून? मला अजूनही शंका आहे!